अँजिओग्राफी नॉर्मल, तरी छातीत दुखायचंच

दुखणं नक्की कधी सुरू झालं ते मला सांगता येत नाही, कारण पहिले काही महिने मी त्याला दुखणं म्हणतच नव्हते. जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या आसपास छातीच्या मधोमध जड व्हायचं, कोणीतरी तळहाताने दाबून धरल्यासारखं, आणि थांबलं की दोन-तीन मिनिटांत जायचं. कळ नाही, घाम नाही, डाव्या हातात मुंग्या नाहीत, म्हणजे हार्टचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं त्यातलं काहीच नाही, त्यामुळे मी पण निवांत होते. वय ५७, वजन थोडं वाढलेलं, चालायची सवय सुटलेली, म्हणलं होणारच. सपाट रस्त्यावर काही नाही, फक्त चढ असला, हातात ओझं असलं किंवा उशीर झाला म्हणून भराभर निघाले की तो तळहात हजर.

पहिल्या डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या, त्या तीन महिने घेतल्या. मग टेन्शन. मग "ह्या वयात बायकांना असं होतं". बीपी दर वेळी बघायचे आणि ते दर वेळी छान असायचं, १२४/७८, आणि ते छान आहे म्हणून आम्ही दोघंही खूश. स्टेथोस्कोप लावला तो पाठीला, खोकला आहे का बघायला. छातीला लावलाच नाही. आता हे लिहिताना राग येतो, कारण माझ्या आजाराचा पहिला सुगावा लागायला ना महागडं मशिन लागत होतं ना रक्ताची तपासणी, तो स्टेथोस्कोप चार इंच इकडे सरकवला असता तरी पुरलं असतं.

शेवटी इसीजी काढला तर त्यात बदल दिसले, काही लाटा उलट्या होत्या, आणि हार्टला रक्त कमी पडत असावं म्हणून मला ट्रेडमिलवर चालायची टेस्ट लिहून दिली. मी शूज घालून गेले, छातीवर सगळे स्टिकर आणि वायरी लावून झाल्या, पट्ट्यावर पाय ठेवणार एवढ्यात टेस्ट घेणाऱ्या तरुण डॉक्टर मॅडम म्हणाल्या एक मिनिट, आधी ऐकते. उजवीकडे वर ऐकलं, मग मानेवर ऐकलं, मग मनगटाची नाडी धरून बराच वेळ गप्प. मला म्हणल्या, "ताई, खाली उतरा, ही टेस्ट आपण करायची नाही." मला वाटलं मशिन बिघडलं! त्यांना मोठा मर्मर, म्हणजे ठोक्यासोबतचा खरखरीत आवाज, ऐकू आला होता, मानेच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचणारा, आणि नाडी हळूहळू उचलली जात होती. हृदयाची झडप खूप अरुंद असताना आणि त्रास होत असताना पेशंटला पट्ट्यावर पळवलं तर तिथेच कोसळू शकतो, म्हणून आधी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. त्या मॅडमचे माझ्यावर किती उपकार आहेत हे त्यांना स्वतःला तरी माहीत आहे की नाही कोणास ठाऊक.

एको म्हणजे डाव्या कुशीवर झोपायचं, गार जेल, आणि अंधाऱ्या खोलीत ते डॉक्टर प्रोब दाबून दाबून बघत राहतात. मध्येच डॉपलरचा, म्हणजे रक्ताचा वेग मोजतात त्याचा, आवाज सुरू होतो, सर्र सर्र असा, माझा जरा कर्कशच होता. रिपोर्टमधले आकडे मला आजही पाठ आहेत. महाधमनीच्या तोंडाशी जी झडप असते, एऑर्टिक व्हॉल्व्ह, ती उघडल्यावर साधारण ३ ते ४ चौरस सेंटीमीटर जागा व्हायला पाहिजे, माझी ०.७ होती. १ च्या खाली गेलं की सिव्हिअर, म्हणजे गंभीर, म्हणतात. त्यातून रक्ताचा झोत सेकंदाला ४.६ मीटर वेगाने जात होता, ४ च्या पुढे सिव्हिअर. ह्या वेगाचा वर्ग करून ४ ने गुणलं की झडपेच्या अलीकडे पलीकडे प्रेशरमध्ये जास्तीत जास्त किती फरक पडतो ते कळतं, माझा ८५ आला, सरासरी ५२. आणि झडपेला तीन पाकळ्यांऐवजी दोनच पाकळ्या होत्या, जन्मापासून. शंभरातल्या एक-दोन माणसांची असते म्हणे अशी, आणि ती तीन पाकळ्यांच्या झडपेपेक्षा लवकर कडक होते, कॅल्शियम साठतं. ५७ वर्षं मला पत्ता नाही.

पंपिंग मात्र ६० टक्के, अगदी नॉर्मल. घरी सगळ्यांनी तेवढंच पकडलं. "पंपिंग चांगलं आहे ना, मग काय!"

आता मधला प्रसंग सांगते, कारण हा सांगितलाच पाहिजे. एको झाला, अँजिओग्राफीची (हृदयाच्या नसांत ब्लॉकेज आहे का बघायची तपासणी) तारीख पुढच्या आठवड्यात होती, आणि मी दादाकडे गेले होते. दादाला सहा वर्षांपूर्वी स्टेंट बसलाय, त्याच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी कायम असते. त्यांचा जिना चढून वर गेले आणि छाती जड झाली, नेहमीपेक्षा जास्त, तर दादाने प्रेमाने आणि अतिशय आत्मविश्वासाने ती गोळी माझ्या जिभेखाली सारली. दोन मिनिटांत कानात शिट्टी वाजायला लागली, समोरचं पांढरं झालं, आणि पुढचं आठवतंय ते मी जमिनीवर, पाय उशीवर, वहिनी रडतेय आणि दादाचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा. त्याची काही चूक नाही, त्याच्या आजारात ती गोळी बरोबरच आहे. पण ती गोळी रक्तवाहिन्या सैल करते, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, बीपी उतरतं. साध्या माणसाचं हृदय लगेच जास्त रक्त बाहेर फेकून ते सावरतं. माझ्यासारखीचं दारच बंद, जास्त फेकणार कुठून? बीपी पडलं की हृदयाच्या स्वतःच्या नसांना जो दाब मिळतो तोही पडतो, म्हणजे जिथे आधीच रक्त कमी तिथे आणखी कमी. काही पेशंटना डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली असली औषधं देतातही, पण दुसऱ्याच्या खिशातली गोळी, नको रे बाबा.

अँजिओग्राफी मनगटातून केली, त्यात विशेष काही नाही, हात गरम वाटतो आणि वीस मिनिटांत संपतं. मी स्क्रीनवर बघत होते. डॉक्टर म्हणाले अभिनंदन, तिन्ही नसा एकदम स्वच्छ. ह्यांनी बाहेर सगळ्यांना फोन करून टाकले की ब्लॉकेज नाही. आणि मी त्या पलंगावर पडून एकच विचार करत होते, मग मला दुखतं ते काय? खोटं दुखतं का? कारण एवढे महिने टेन्शन टेन्शन ऐकून माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला होता.

संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी विचारलं. त्यांनी डिस्चार्जच्या कागदाच्या पाठीमागे चित्र काढून जे समजावलं ते मी घरी येऊन पुन्हा नीट काढून ठेवलंय. ते म्हणाले, तुमचं दुखणं शंभर टक्के हृदयाचं आहे आणि रक्त कमी पडतंय म्हणूनच आहे, फक्त नळात कचरा नाहीये. अशा छातीत दुखणाऱ्या झडपेच्या पेशंटपैकी साधारण निम्म्यांना ब्लॉकेज पण निघतं म्हणून अँजिओग्राफी करावीच लागते, उरलेल्यांच्या नसा तुमच्यासारख्या स्वच्छ असतात आणि तरी दुखतं.

कसं, तर असं. बाहेर दंडावर माझं बीपी १२४ दिसत होतं. पण झडप अरुंद, म्हणून तेवढे १२४ बाहेर पाठवायला आतल्या कप्प्याला जवळजवळ १९० च्या आसपास प्रेशर तयार करायला लागत होतं, प्रत्येक ठोक्याला, रात्रंदिवस, कित्येक वर्षं. म्हणजे ज्या बीपीवर आम्ही खूश होतो ते दाराबाहेरचं होतं, घरात काय चाललंय ते त्यात दिसतच नव्हतं. असं रोज वजन उचलून स्नायू जाड होतो, माझी भिंत १४ मिलिमीटर झाली होती, बाईची १० च्या आत असायला पाहिजे. जाड स्नायूला रक्त जास्त लागणार हे उघड आहे. पण स्नायू जाड होतो त्या प्रमाणात त्यातल्या बारीक केशवाहिन्या वाढत नाहीत. खाणारी तोंडं वाढली, वाढपी तेवढेच.

दुसरी गोष्ट मला माहीतच नव्हती. हृदय सगळ्या शरीराला रक्त देतं आकुंचन पावताना, पण डाव्या बाजूच्या त्या जाड स्नायूला स्वतःला रक्त मिळतं ते मुख्यतः सैल पडल्यावर. आवळलेल्या स्नायूमध्ये त्याच्याच नसा चेपल्या जातात ना. त्या नसांची तोंडं झडपेच्या अगदी वर, महाधमनीच्या मुळाशी असतात. तर हृदय जेव्हा विश्रांती घेतं तेव्हा महाधमनीत जेवढं प्रेशर उरलंय, समजा ७०-७५, ते रक्ताला नसांमधून स्नायूत ढकलतं, आणि समोरून कप्प्याच्या आतलं प्रेशर त्याला विरोध करतं. निरोगी माणसात हे आतलं प्रेशर १०-१२ असतं. जाड झालेला स्नायू ताठर असतो, नीट सैल पडत नाही, त्याचं २० च्या पुढे जातं. एकीकडून ढकलणारा तोच, समोरून रेटणारा दुप्पट.

आणि ह्या सगळ्याची झळ सगळ्यात जास्त बसते स्नायूच्या अगदी आतल्या थराला, कप्प्याला लागून असतो त्या. नसा बाहेरून आत शिरतात, आतला थर शेवटी. डॉक्टर म्हणाले कालव्याच्या टेलला असलेलं शेत. वरच्यांचं भागतं, टेलवाल्याला पाणी येईपर्यंत पाळी संपलेली असते. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, इतकं साधं होतं ते.

मग मी विचारलं बसल्यावर का नाही दुखत? तर त्याचं उत्तर पण मस्त होतं. बारीक रक्तवाहिन्या गरज पडली की रुंद होतात आणि निरोगी हृदय व्यायामात स्वतःचा रक्तपुरवठा तीन-चार पट सहज वाढवू शकतं. माझ्या त्या वाहिन्या बसल्या जागीच रुंद होऊन बसल्या होत्या, कसाबसा पुरवठा टिकवायला. म्हणजे नळ आधीच पूर्ण सोडलेला. जिना चढला की आणखी सोडायला फिरकीच शिल्लक नाही. त्यात ठोके वाढतात. ठोके ६० असले तर एका ठोक्याला एक सेकंद मिळतो, त्यातला साधारण एक तृतीयांश काम आणि दोन तृतीयांश विश्रांती. १२० झाले की अख्खा ठोका अर्ध्या सेकंदात उरकायचा, आणि कामाचा वेळ फारसा आखडत नाही, कात्री लागते ती विश्रांतीला. त्यातून अरुंद झडपेतून रक्त काढायला आणखी जास्त वेळ लागतो, तोही विश्रांतीतूनच जातो. म्हणजे ज्या वेळेला रक्त मिळायचं ती वेळच गायब. माझा तळहात दुसऱ्या मजल्यावरच का भेटायचा ह्याचा हिशोब लागला.

एवढं समजल्यावर मला खरं सांगू तर बरं वाटलं. आजार मोठा होता, ऑपरेशन होणार होतं, पण मी नाटक करत नव्हते. हे मला त्या स्वच्छ अँजिओग्राफीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटलं.

ते बरं वाटणं रात्री संपलं कारण मी मोबाईल उघडला. १९६८ साली रॉस आणि ब्राऊनवाल्ड ह्या दोन डॉक्टरांनी लिहिलेल्या पेपरमधले आकडे सगळीकडे सापडतात, की ह्या आजारात ऑपरेशन न करता छातीत दुखणं सुरू झाल्यापासून सरासरी ५ वर्षं, चक्कर येऊन पडायला लागल्यापासून ३ आणि हार्ट फेल्युअर झाल्यापासून २. मी हिशोब करत बसले, माझं दुखणं समजा दीड वर्ष जुनं, आणि दादाकडची चक्कर त्यात धरायची का नाही धरायची. सकाळी डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले हे ऑपरेशन न केलेल्यांचे आकडे आहेत आणि तुम्ही करणार आहात, फोन ठेवा.

ऑपरेशनला पाच आठवडे होते. औषधाने झडप उघडत नाही, हे स्पष्ट सांगितलं होतं. त्या पाच आठवड्यांत मी काय केलं तर हळू झाले. मजला चढायचा तर मध्ये थांबून, जेवल्या जेवल्या काही नाही, घाई नाही, भांडण पण नाही (हे ह्यांना फार आवडलं). दातांची तपासणी करून घ्यायला लावली, कारण तोंडातले जंतू रक्तात जाऊन नव्या झडपेवर बसू शकतात, एक दाढ काढावी लागली. सीटी करून महाधमनी फुगलेली नाही ना ते बघितलं, दोन पाकळ्यांच्या झडपेसोबत ते पण असू शकतं, माझी ठीक होती. मांडीतून झडप बसवायची पद्धत आहे, २००२ मध्ये फ्रान्समध्ये अलँ क्रिबिए ह्यांनी पहिल्यांदा केलेली, मला अर्थातच तीच पाहिजे होती, छाती कापायला कोणाला आवडेल. पण माझं वय, दोन पाकळ्या आणि कॅल्शियम कसं पसरलंय हे सगळं बघून त्यांनी उघडी सर्जरीच सांगितली. मेकॅनिकल झडप घेतली तर ती टिकते पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर आणि सारखी रक्ततपासणी, टिश्यूची, म्हणजे जनावराच्या ऊतीपासून बनवलेली, घेतली तर साधारण १०-१५ वर्षांनी पुन्हा विचार करावा लागतो. मी टिश्यू घेतली. ह्यावर घरात आठ दिवस चर्चा झाली ती इथे लिहीत नाही.

सर्जन आदल्या दिवशी आले आणि एक वाक्य बोलले ते लक्षात राहिलं, की झडप बदलणं हे माझं रोजचं काम आहे, तुमच्यात मला जपायचाय तो स्नायू. हृदय थांबवून ठेवतात तेवढा वेळ त्याला गार, पोटॅशियमवालं द्रावण देतात म्हणजे ते शांत राहतं आणि कमीत कमी ऑक्सिजनवर भागवतं, पण जाड स्नायूत तेही आतल्या थरापर्यंत नीट पोचवायला लागतं. टेलवालं शेत तिथे पण होतंच.

ऑपरेशनचं मला काहीच आठवत नाही. आयसीयूत घशात नळी असताना जाग आली ती सगळ्यात वाईट वेळ, बोलता येत नाही आणि तहान लागलेली. छातीचं हाड शिवलेलं असतं, खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, कुशीवर वळायचं तर विचार करून. दुखतं, पण ते दुखणं वेगळं, कापल्याचं, त्याची भीती नाही वाटत.

भीती वाटली तिसऱ्या दिवशी. अचानक ठोके १४० आणि वाट्टेल तसे, लयच नाही, आणि छातीवर तोच तळहात. ओळखीचा! मी नर्सला ओरडून सांगितलं की झडप बिघडली. झडप व्यवस्थित होती. हार्ट सर्जरीनंतर बऱ्याच जणांना ही लय बिघडते, आणि माझी झडप नवीन असली तरी स्नायू तोच जुना जाड होता, ठोके १४० झाल्यावर त्याची विश्रांती पुन्हा गेली. शिरेतून औषध चालू केलं, दुसऱ्या दिवशी पहाटे लय जागेवर आली आणि तळहात उठला. नंतर डॉक्टर म्हणाले दरवाजा आपण एका दिवसात बदलला, पण आतली भिंत पातळ व्हायला महिने लागतील, वर्षही लागेल, तोपर्यंत ठोके आणि बीपी सांभाळायचं.

घरी आल्यावर आठव्या आठवड्यात जिना चढले. ह्यांनी मागे उभं राहायचा आग्रह धरला, म्हणजे पडले तर दोघंही पडणार. पहिला मजला. दुसऱ्या मजल्यावर सवयीने थांबले, कठड्याला हात लावला आणि वाट बघत राहिले. दम लागला होता, पाय थरथरत होते, ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन कमी होतं त्यामुळे. छातीत काही नाही. तिसऱ्यावर पण नाही. त्या दिवशी मी चार वेळा वर खाली केलं आणि संध्याकाळी ओरडा खाल्ला.

तीन महिन्यांच्या एकोमध्ये सरासरी फरक ५२ वरून ११ वर आला होता. भिंत १४ ची १३. वर्षाने ११. दादाने तो रिपोर्ट फोटो काढून स्वतःच्या फोनमध्ये ठेवलाय, गोळीचं त्याच्या मनातून अजून गेलेलं नाही.

दोन पाकळ्यांची झडप घराण्यात असू शकते म्हणून जवळच्या रक्ताच्या नात्यातल्यांचा एको करायला सांगितला होता. दादाच्या तीन पाकळ्या निघाल्या. मुलाच्या तीन. मुलीच्या दोन. ती ३१ वर्षांची आहे, रोज पळते, काही त्रास नाही, झडप व्यवस्थित उघडते, आत्ता करायचं काहीच नाही, फक्त ठरावीक वर्षांनी एको. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, मला ते चित्र परत एकदा काढून दाखव." मी तिच्याच रिपोर्टच्या पाकिटावर काढलं, नसांची तोंडं, झडप, आतला थर, सगळं. तिने बाकी काही न विचारता पुढच्या एकोची तारीख फोनमध्ये टाकली. मी माझ्या डायरीत पण लिहून ठेवलीय.